संदुकीतलं मिग-२१: जुने फोटो आन् आठवणी नीट जपायच्या कशा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्या दिवशी आमच्या दारव्हा तालुक्यात पण सगळ्यांच्या स्टेटसवर तेच विमान होतं, ज्याला त्यातलं काही समजत नाही त्यानं पण सॅल्यूटचा इमोजी टाकून दिला. १९६३ मध्ये चंदीगडलाच २८ नंबरच्या स्क्वाड्रनपासून, म्हणजे विमानांच्या तुकडीपासून, सुरू झालं आन् बासष्ट वर्षांनी तिथंच संपलं. दोन-चार दिवसांत स्टेटस गेले, लोक सोयाबीनच्या भावावर आले. पण आपल्या इकडं बऱ्याच गावात एखादा तरी एअरफोर्समधून रिटायर होऊन आलेला माणूस राहतेच, आन् त्याच्या घरच्या संदुकीत, नाहीतर आलमारीच्या वरच्या खणात, रजईच्या खाली, त्या विमानाचे फोटो पडून राहतात. हे लिहून राहिलो ते त्या फोटोंसाठी. माझे मोठे बाबा मिगवर इंजिन फिटर होते, सत्तरच्या दशकात भरती झालेले, त्यांचं सगळं नीट लावताना जे जमलं, जे समजलं ते इथं टाकतो.

पहिले एक सांगतो, लोक बहुतेक उलटं करतात. पहिले स्कॅनर शोधतात, मग ॲप शोधतात, मग दिवाळीत करू म्हणतात, आन् ज्या माणसाला फोटोतल्या लोकांची नावं माहीत आहेत तो तोवर ऐकू कमी येते म्हणून बोलायचंच सोडून देते. कागद अजून दहा-वीस वर्षं टिकेल, उदईपासून वाचवला तर. पंच्याहत्तरीच्या माणसाचं तसं नाही. म्हणून फोटो अन् माणूस दोन्ही एका वेळी घ्यायचं, फोटो समोर ठेवूनच बोलायचं, आन् त्यातही घाई करायची असेल तर माणसाची करायची.

फोटो बाहेर काढताना

संदूक उघडली की लगेच फोटो पुसायला घेऊ नका. ओलं फडकं तर बिलकुल नाही, जुन्या ब्लॅक अँड व्हाईट प्रिंटवर पाण्याचा हात लागला की वरचा थर फुगते आन् बोटाचा ठसा कायमचा बसते. मऊ कोरडा ब्रश घ्या, रंगकामाचा नवा ब्रश चालते, वरची धूळ एकाच दिशेनं हलकीच झाडा, बस. कसर लागलेली असेल तर फोटो बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आन् ती संदूक, तो रजईचा खण, सगळं उन्हात तापवा, पण फोटो उन्हात नका ठेवू. आपल्याकडच्या मे महिन्यात ओसरीतल्या उन्हात ठेवलेला प्रिंट दोन तासांत पापडासारखा वळते.

ऐंशीच्या दशकात ते चिकट पानांचे अल्बम आले होते, वरून पारदर्शक प्लास्टिक आन् खाली गोंदाच्या रेघा. त्यातले फोटो आता असे चिकटलेत की ओढले तर पाठ तिथंच राहते. दात साफ करायचा बारीक धागा भेटते मेडिकलमध्ये, तो फोटोच्या खालून करवतीसारखा हळूहळू पुढं-मागं सरकवायचा. नाही निघाला तर नका काढू, पानासकट फोटो घ्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो पण तसाच, काचेवरूनच घ्यायचा, थोडं तिरपं धरलं की चमक जाते.

आन् लॅमिनेशन करू नका. हे मी हात जोडून सांगतो. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलं की तो स्वतःहूनच म्हणते, "भाऊ, लॅमिनेट करून देऊ का, पक्कं होऊन जाईल." पक्कं होते, पण गरम गोंद प्रिंटमध्ये मुरते, मग आतला फोटो कधीच काढता येत नाही, पाठीमागं काही लिहिलं असेल तर त्यावर पण प्लास्टिक. आधार कार्ड करा लॅमिनेट, स्क्वाड्रनचा फोटो नाही.

मोबाईलवर घ्यायचे की स्कॅनरवर

स्कॅनर जवळ असेल तर स्कॅनरच. साधा छोटा फोटो ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅन किती बारीक होते त्याचं माप) करायला सांगा, मोठा ग्रुप फोटो ३०० वर पण चालते, पण दुकानवाल्याला "कलरमध्ये कर" हे सांगा, फोटो ब्लॅक अँड व्हाईट असला तरी. कारण पिवळेपणा, शाईचा डाग, पेनानं मारलेली खूण हे सगळं कलरमध्येच वेगळं दिसते. काच पहिले पुसून घ्या, तिथं दिवसभर सातबारे आन् जातीचे दाखले घासले जातात.

स्कॅनर नसेल तर मोबाईल काही वाईट नाही. ओसरीत, सावलीत, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, फ्लॅश बंद. फोटो सपाट पाटावर ठेवा, मोबाईल बरोबर वरून धरा, कॅमेऱ्याच्या ग्रिडच्या रेघा फोटोच्या कडेला लागल्या पाहिजेत. तिरपा घेतला तर विमानाचं नाक लांब आन् शेपटी आखूड दिसते, आन् मग पुढं ओळखताना घोटाळा होते, ते मी खाली सांगतोच. प्रत्येक फोटोची मागची बाजू पण घ्या, कोरी असली तरी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाच्या तरी हातची "डावीकडून तिसरा मी" अशी ओळ, हे सगळं मागंच राहते.

निगेटिव्ह भेटल्या तर नशीब समजा. दुसऱ्या मोबाईलवर पांढरी स्क्रीन फुल ब्राईटनेसवर लावा, स्क्रीनपासून थोडी उंच, पारदर्शक डब्याच्या झाकणावर निगेटिव्ह ठेवा म्हणजे स्क्रीनचे ठिपके येत नाहीत, आन् वरून फोटो घ्या, नंतर उलटे रंग सुलटे करता येतात.

आन् व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करते, आन् आपल्याला जे पाहायचं आहे, शेपटीवरचा नंबर, दंडावरची पट्टी, तेच पहिले जाते.

कोणतं विमान आहे ते कसं ओळखायचं

इथं खरी मजा आहे, आन् इथंच आपल्या पोट्ट्यांना कामाला लावता येते, कारण त्यांची नजर बारीक राहते.

घरच्यांना विचारलं तर सगळेच म्हणतात मिग. प्रत्येक फौजी विमान मिगच राहते लोकांसाठी. तर पहिले नाकाकडं पाहा. मिग-२१ च्या नाकाला गोल तोंड आहे, हवा तिथून आत जाते, आन् त्या तोंडाच्या मधोमध टोकदार शंकू बसवलेला आहे. पंख त्रिकोणी, बुडाशी रुंद आन् टोकाला निमुळते, आन् त्याच्या मागं शेपटीला वेगळे छोटे पंख. नाकाला तोंड नसेल आन् हवा दोन्ही बाजूंनी आत जात असेल तर ते मिग-२१ नाही. एकदम लहान, जमिनीला टेकल्यासारखं, माणूस बाजूला उभा राहिला तर कॉकपिटमध्ये डोकावता येईल असं असेल तर ते नॅट. नॅट म्हणजे तेच, ज्यातून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर लढले, हवाई दलातले आजवरचे एकमेव परमवीर चक्र. पंखाच्या बुडाशीच हवेची तोंडं असतील आन् अंग एकदम गुळगुळीत, देखणं, तर ते हंटर, लोंगेवालाला रणगाडे फोडले ते. मला विचाराल तर दिसायला हंटरच सगळ्यात सुंदर, पण हे मोठे बाबांसमोर बोलायची सोय नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा सुखोई-७ सोबत होते. त्याला पण नाकात तोंड, त्यात पण शंकू. पण त्याचे पंख त्रिकोणी नाहीत, मागं झुकलेले लांब आहेत, आन् अंगानं ते मिगपेक्षा बरंच दांडगं. पंख अर्धे कापलेल्या फोटोत मिग की सुखोई हे सांगायला शेपटीच्या बाजूनं पण पाहावं लागते. म्हणूनच म्हटलं फोटो तिरपा घेऊ नका.

आता मिग-२१ पक्कं झालं, तर कोणतं मिग-२१? कारण बासष्ट वर्षांत ते एकच विमान नव्हतं राहिलं, आन् हे ओळखलं की फोटोचं साल पण अंदाजानं सापडते. आपले एअरफोर्सवाले त्याला टाइप नंबरनं बोलवतात. टाइप ७७ म्हणजे एफएल, पाठीचा कणा बारीक, पंखाखाली दोनच ठिकाणी काही टांगलेलं, आन् कॉकपिटचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असल्यासारखं मागून वर उचललेलं. टाइप ९६ म्हणजे एम, त्याचं झाकण उजव्या बाजूला उघडते, समोरची काच जागेवरच राहते, पाठ जाड आन् पंखाखाली चार जागा. बिस त्याच्याही पुढचं, पाठीचा कुबड अजून फुगलेला, कारण त्यात इंधन भरलेलं. बिस सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आलं. आन् बायसन म्हणजे तेच बिस, २००० नंतर नवा रडार बसवून तयार केलेलं, त्याची समोरची काच बिनचौकटीची, एकसंध. २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन वर्धमान ज्यात होते ते बायसन.

एका सीटच्या मिगचा झाकण उघडं असलेला फोटो भेटला तर बाकी काही पाहायचीच गरज नाही, झाकण पुढं झुकलेलं म्हणजे जुनं, बाजूला पडलेलं म्हणजे नंतरचं. नाकावरच्या लांब दांडीवरून पण समजते, हवेचा वेग मोजायची ती सळई. एकदम सुरुवातीच्या मोजक्या विमानांत ती नाकाच्या खाली होती, टाइप ७७ मध्ये वर मधोमध आली, आन् नंतरच्यांत वरच पण वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकली.

नंबर दिसत असेल तर अजून सोपं. एकट्या वैमानिकाच्या मिगचा नंबर बहुतेक सी या अक्षरानं सुरू होते, दोन सीटचा ट्रेनर यू नं, आन् बायसन सीयू नं. दोन सीटच्या कॉकपिटच्या पाठीवर कधी कधी एक छोटा आरसा वर आलेला दिसते, तो पेरिस्कोप, मागं बसलेल्या मास्तरला समोरचं दिसत नाही म्हणून. आमच्या घरच्या फोटोत तोच होता, आन् घरातले सगळे इतकी वर्षं त्याला अँटेना समजत होते.

रंगावरून पण अंदाज घेता येते. विमान चकचकीत, बिनरंगाच्या धातूचं दिसत असेल तर १९७१ च्या लढाईच्या आधीचं असू शकते, कारण त्या लढाईच्या वेळी ती चमक लपवायला त्यांच्यावर हिरवे-मातकट पट्टे मारले गेले, आन् काही ठिकाणी तर स्क्वाड्रनच्या लोकांनीच हातानं रंगवले, म्हणून दोन विमानांचे पट्टे सारखे दिसत नाहीत. पण एवढ्यावरच वर्ष लिहून टाकू नका, "१९७१ आधीचा असावा" असं पेन्सिलनं लिहा.

आता एक फोटो असा राहतो की घरचे घाबरतात. विमान मधून तुटलेलं, मागचा अर्धा भाग वेगळा, आत मोठं काळं भोकाड, बाजूला चार-पाच जण हसत उभे. आमच्या मोठ्या आईनं तो फोटो वेगळाच ठेवला होता, अपघाताचा म्हणून, आन् कोणाला दाखवत पण नव्हती. मोठे बाबांनी चष्मा लावून पाहिला आन् म्हणे, "अबे थे तुटलं नाही ना, आमी इंजिन काढून रायलो होतो." मिग-२१ चं इंजिन काढायचं म्हणजे शेपटीकडचा सगळा भाग सोडवून ट्रॉलीवर मागं ओढावा लागते, मग इंजिन बाहेर निघते. ते विमान बांधलंच तसं आहे. म्हणजे तो फोटो अपघाताचा नव्हता, कामाचा होता. अशी एक ओळ फोटोमागं लिहून ठेवली नसती तर पुढच्या पिढीनं त्याला अपघातच म्हटलं असतं.

माणसाला काय विचारायचं

"मोठे बाबा, तुमचा अनुभव सांगा" असं विचारलं तर उत्तर भेटते "काय सांगू बावा, ड्युटी होती." चूक त्यांची नाही, प्रश्नच तसा आहे. अनुभव विचारायचा नाही, हात विचारायचा. हातात काय होतं, ते कुठं लागायचं, सकाळी डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं उभी ठेवायच्या जागी, गेल्यावर पहिले काय करायचे, थंडीत पठाणकोटकडं पाना हाताला चिकटायचा का. फॉर्म ७०० वर सही करताना काय वाटायचं हे विचारा, कारण विमान उडायला ठीक आहे असं त्या रजिस्टरवर सही करून लिहून द्यावं लागते आन् मग त्यात एक जिवंत माणूस बसून जाते. या एका प्रश्नावर मोठे बाबा जेवढे बोलले तेवढे लढाईवर नाही बोलले.

एफओडी विचारा, म्हणजे इंजिनात जाऊन नुकसान करणारा बारीकसारीक कचरा. रनवेवर, टारमॅकवर ओळीनं चालत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचायचे, कारण मिगचं तोंडच समोर आन् जमिनीपासून फार उंच नाही, बारका खडा आत गेला तरी इंजिनची पाती जातात. नाकावर लाल झाकण बसवलेलं फोटोत दिसते ते त्याचसाठी, आन् बाकी ठिकाणी लोंबणाऱ्या लाल पट्ट्या म्हणजे उडायच्या आधी काढायच्या खुणा. शेपटीचा पॅराशूट विचारा, उतरल्यावर वेग कमी करायला मागून उघडते, वैमानिक तो रनवेच्या टोकाला टाकून जाते आन् मग कोणीतरी जाऊन गोळा करून आणायचा, पुन्हा घडी घालून भरायचा. हे काम कोणाकडं होतं, पावसात ओला झाला तर काय करायचे, असं बारीक बारीक. आन् आवाज विचारा, रीहीट (इंजिनाचा जादा जोर) लावला की जेवणाच्या ताटातली वाटी हलायची का.

नावं विचारताना फोटोवर बोट ठेवून डावीकडून एक एक. ग्रुप फोटो बहुतेक युनिटच्याच फोटोग्राफरनं काढलेला राहते, विमानासमोर दोन-तीन ओळी, पुढं साहेब लोक खुर्चीवर, पायाशी पाटी. स्वतःचा कॅमेरा घेऊन फ्लाइटलाइनवर, जिथं विमानं ओळीनं उभी राहतात तिथं, जायला परवानगी नव्हती, म्हणून सगळ्या घरांत सारखेच फोटो दिसतात, एक ग्रुपचा, एक ८ ऑक्टोबरच्या एअरफोर्स डेचा, आन् एक फॅमिली डेचा ज्यात बायका-पोरं शिडीवर चढून कॉकपिटात पाहून राहिलेत. त्या फॅमिली डेच्या फोटोसाठी मोठ्या आईला बसवा. तिला विमान नाही आठवत पण क्वार्टर नंबर, शेजारची पंजाबीण, पोराला कोणत्या साली गोवर झाला हे सगळं आठवते, आन् त्यावरून साल निघते. आमचा एक फोटो फक्त गोवरावरून लागला.

एका बैठकीत अर्धा-पाऊण तास, जास्त नाही. दुपारी जेवण झाल्यावर नाही, झोप येते. सकाळी चहा झाल्यावर, नाहीतर सांजेला लाईन गेली असताना, तेव्हा टीव्ही पण बंद राहते. मोबाईलचा रेकॉर्डर लावा आन् एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कोणाचा तरी कॉल येते आन् रेकॉर्डिंग तुटते. रेकॉर्ड करून राहिलो हे त्यांना सांगून ठेवा. आन् ते हिंदी-इंग्रजी-वऱ्हाडी मिसळून बोलतात ते तसंच लिहा, स्नॅग, सॉर्टी, चॉक, ओआरपी, हे शब्द काढून त्याजागी शुद्ध मराठी टाकायच्या भानगडीत पडू नका.

तारखा मात्र जुळवून पाहा. मोठी माणसं खोटं बोलत नाहीत पण वर्षं एकमेकांत मिसळतात. काही पक्के खांब सांगतो, त्याला टेकून बाकीचं लावा. १९६३ ला मिग-२१ आलं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नी रॉकेट टाकले. २७ मे १९९९ ला कारगिलच्या वेळी स्क्वाड्रन लीडर अजय अहुजा यांचं मिग-२१ पडलं आन् ते शहीद झाले. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छकडं पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणीचं विमान मिग-२१ नं पाडलं. डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंडाला टाइप ७७ निवृत्त झालं. आन् २०२५ चं तर सगळ्यांना माहीत आहे. "अहुजा साहेब गेले त्याच्या आधी की नंतर?" असं विचारलं की वर्ष लगेच सापडते.

अपघाताचा विषय निघतोच. टीव्हीवाल्यांनी त्याला उडती शवपेटी म्हणून म्हणून ते नावच पाडून टाकलं, आन् जुन्या फिटरला ते शब्द फार लागतात, कारण त्यात त्यांच्या कामावर बोट आहे असं त्यांना वाटते. त्या शब्दानं बोलणं सुरू करू नका. पण टाळू पण नका. या विमानानं खूप वैमानिक नेले हे खरंच आहे, आन् त्याला कारणं पण बरीच आहेत, उतरताना याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर राहते, चूक सुधारायला वेळच नाही, आन् हॉक हे शिकायचं जेट २००८ ला आलं, त्याच्या आधी नवीन पोरं हळू ट्रेनरवरून निघून फार लवकर मिगवर यायची. शिवाय जागा घ्यायला दुसरं विमान वेळेवर आलं नाही म्हणून हेच वाढवत नेलं. मी एवढंच विचारलं की तुमच्या सहीचं विमान कधी परत नाही आलं का. मोठे बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणे रेकॉर्ड बंद कर. मी बंद केला. ते जे बोलले ते मी लिहिलं नाही आन् इथं पण लिहीत नाही. तुम्हाला पण कोणी बंद करायला सांगितलं तर करा.

रंग भरायच्या ॲपबद्दल

आजकाल एआयवाल्या ॲपमध्ये जुना फोटो टाकला की रंगीत होऊन येते, चेहरे गुळगुळीत, विमान निळं. निळं! बिनरंगाच्या धातूला ते ॲप स्वतःच्या मनानं रंग मारते, नंबरातला आकडा बदलते, आन् मोठे बाबांच्या मिशीचा आकार पण. करमणूक म्हणून करा, पण फाईलच्या नावात "रंग नंतर भरला" असं लिहा आन् मूळ स्कॅनला हात लावू नका. फॉरवर्ड आलेले फोटो पण घरच्या फोटोंत मिसळू देऊ नका, अकरा हजारांच्या वर मिग-२१ जगात बनले, कुठल्या कुठल्या देशांचे फोटो आपले म्हणून फिरतात. आपल्या विमानावरचं गोल चिन्ह पाहा, बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं.

टाकायच्या आधी एक पाहून घ्या. फोटोत सर्व्हिस नंबर, पेन्शनचा कागद, ओळखपत्र दिसत असेल तर तो भाग झाका. सोबतचे लोक हयात असतील तर त्यांना विचारा, निदान त्यांच्या पोरांना. तळाचा नकाशा, आतली रचना दिसणारं काही असेल तर कितीही जुनं असू द्या, घरातच ठेवा.

नवीन फोटो काढायचा असेल तर

निवृत्त मिग आता बऱ्याच ठिकाणी चबुतऱ्यावर उभी आहेत, आन् दिल्लीचं पालमचं एअरफोर्स म्युझियम, बंगलोरचं एचएएलचं हेरिटेज सेंटर, चंदीगडचं एअरफोर्स हेरिटेज सेंटर, तिकडं जवळून पाहता येते. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असेल तर मे-जून सोडून जा आन् सोबत पाणी ठेवा. नागपूरला सोनेगावच्या विमानतळाजवळ उभं राहून हवाई दलाच्या हद्दीकडं कॅमेरा वळवायचा शहाणपणा करू नका, तिथं फोटोला मनाई आहे, आन् मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरातच आहे, लोक लक्ष ठेवून राहतात.

फोटो काढताना उभ्यानं काढू नका, गुडघ्यावर बसा, नाकाच्या जरा बाजूनं, म्हणजे तोंड, शंकू आन् पंखाचा त्रिकोण एकाच फोटोत येते. ऊन पाठीमागं ठेवा. आन् पूर्ण विमानाचे दोन फोटो झाले की मग जवळ जा, ठोकलेल्या रिव्हेट, चाकाच्या खोबणीतल्या नळ्या, अंगावरच्या बारीक अक्षरांच्या सूचना. माणूस सोबत असेल तर त्याचा फोटो विमानासमोर सावधान उभा करून नका काढू. त्याला म्हणा, तुम्ही काम कुठं करायचे दाखवा. तो आपोआप शेपटीकडं जाते, खाली वाकते, बोटानं एखादी झाकणी दाखवते. तो फोटो घ्या.

ठेवायचं कुठं

फाईलला नाव देताना साल, विमान, जागा, माणूस या क्रमानं द्या, १९७८-मिग२१एम-पुणे-डावीकडूनदुसरा असं. आयएमजी नंबर ठेवला तर सहा महिन्यांनी आपल्यालाच समजत नाही. मूळ प्रिंटच्या मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, काठाला, दाब न देता, बॉलपेननं लिहिलं तर समोर उमटते. प्रिंट साध्या पांढऱ्या कागदात वेगवेगळे गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा, डांबराच्या गोळ्या नका टाकू, थोडा कडुलिंबाचा पाला वेगळ्या कापडी पिशवीत ठेवला तरी चालते पण फोटोला लागू देऊ नका. डबा आलमारीत मधल्या खणात, भिंतीपासून सुटा. जमिनीवर ठेवला तर उदई येणारच.

एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक ईमेलच्या ड्राइव्हवर, आन् एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडं किंवा मुलाकडं. पेनड्राइव्ह वर्षातून एकदा लावून उघडून पाहा.

ज्या फोटोतली माणसं ओळखू येत नाहीत ते फेकू नका. त्यावर "ओळख बाकी" लिहून वेगळे ठेवा आन् जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कामाला गेले की सोबत न्या, तिथं पेन्शनच्या, दाखल्याच्या रांगेत सगळे जुने लोकच बसलेले राहतात. मोठे बाबा मागच्या खेपेला दोन फोटो घेऊन गेले होते. एकातला माणूस ओळखू आला, पुसदकडचा निघाला, त्याचा फोन नंबर पण भेटला. दुसऱ्या फोटोवर मात्र तिथं दोघांचं भांडण लागलं, एक म्हणे टाइप ७७, दुसरा म्हणे ९६, आन् झाकण तर फोटोत बंद आहे.